बफरमधलं डीटीटी आणि हरवलेला निकाल: आरएनए-प्रथिन बंधाच्या प्रयोगात या चुका टाळा

जेल शिफ्ट चाचणीत (प्रथिन चिकटलेला आरएनए जेलमध्ये मागे राहतो, त्यावरून बंध कळतो) ताण न दिलेला नियंत्रण नमुना आणि ऑक्सिडेटिव्ह ताण दिलेला नमुना, दोन्हींचे पट्टे सारखेच दिसतात? मग प्रथिनाला दोष देण्याआधी बफरची कृती काढून बघा. त्यात डीटीटी (डायथायोथ्रायटॉल, ऑक्सिडीकरण उलटवणारं क्षपणकारक) असणारच. आपण ते सवयीने घालतो. पण कॅटालेझ या हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणाऱ्या विकराच्या एमआरएनएला चिकटणाऱ्या रॅटच्या फुप्फुसातील प्रथिनाचा बंध रेडॉक्स (ऑक्सिडीकरण-क्षपण) स्थितीवर अवलंबून असतो. पेशीत प्रथिनातल्या सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचं ऑक्सिडीकरण होऊन बंध सैल झालेला असला, तरी नळीतलं डीटीटी तो फरक पुसून टाकतं.

उपाय साधा आहे. अर्कात आधी डीटीटी घालू नका. एकाच अर्काचे तीन भाग करा: एक तसाच, एकात डायअमाइड (सिस्टीनचं ऑक्सिडीकरण करणारं रसायन), एकात डायअमाइडनंतर डीटीटी. बंध जाऊन परत आला, तर सिस्टीनचा सहभाग असल्याचा चांगला पुरावा मिळतो. लोह-नियामक प्रथिन आयआरपी१च्या अभ्यासात २ टक्के मर्कॅप्टोइथेनॉल (डीटीटीसारखंच क्षपणकारक) मुद्दाम घालतात, कारण त्याने सुप्त प्रथिनही बांधू लागतं आणि एकूण क्षमता मोजता येते. तीच गोष्ट नकळत झाली की निकाल हातचा जातो.

दुसरी चूक स्पर्धक आरएनएची, म्हणजे लेबल लावलेल्या आरएनएशी प्रथिनासाठी स्पर्धा करायला घातलेल्या आरएनएची. यीस्टचं टीआरएनए आणि हेपरिन अविशिष्ट बंध कमी करतात, पण विशिष्टता सिद्ध करत नाहीत. त्यासाठी लेबल नसलेला तोच तुकडा आणि बंधस्थान बदललेला तुकडा, दोन्ही हवेत.

तिसरी चूक अर्काची. हूआर हे एमआरएनएला बांधणारं प्रथिन बहुतांशी केंद्रकात असतं आणि ताणाखाली पेशीद्रवात येतं. अख्ख्या पेशीचा अर्क घेतला तर एकूण प्रमाण तेवढंच दिसेल आणि खरी हालचाल निसटेल. केंद्रक वेगळं करा. मला तरी ही पायरी टाळण्यासारखी कधीच वाटली नाही.

इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये (प्रतिपिंडाने प्रथिन आणि त्याला चिकटलेला आरएनए ओढून काढताना) आणखी एक फसगत होते: पेशी फोडल्यावर प्रथिनं नव्या आरएनएला चिकटू शकतात. शंका असेल तर फोडण्यापूर्वीच २५४ नॅनोमीटर अतिनील किरणांनी क्रॉसलिंक करा, म्हणजे प्रथिन आणि आरएनए पक्के जोडा.

आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ-१ या सेलेनियमयुक्त विकरावर काम करताना फक्त एमआरएनए मोजून थांबू नका. एरवी प्रथिननिर्मिती थांबवणारा यूजीए संकेत इथे सेलेनोसिस्टीन (सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल) म्हणून वाचला जातो, ते ३' टोकाच्या अननुवादित भागातल्या सेसिस या आरएनए-रचनेमुळे आणि तिला बांधणाऱ्या एसबीपी२ प्रथिनामुळे. सेलेनियम कमी पडलं की या एमआरएनएचा ऱ्हासही वाढतो. त्यामुळे माध्यमातलं सेलेनियम न तपासता एमआरएनए घटल्याचं खापर बंधक प्रथिनावर फोडता येत नाही.