एपीआरएसच्या (हॅम रेडिओवरून आपल्या स्टेशनचं ठिकाण कळवायच्या पद्धतीच्या) नकाशावर स्टेशन भलत्याच गावी दिसतंय?

बहुतेक वेळा दोष जीपीएसचा नसतो, हाताने टाकलेल्या आकड्यांचा असतो. मोबाइलचा नकाशा दशांश अंश देतो. एपीआरएसच्या पॅकेटमध्ये, म्हणजे रेडिओवरून जाणाऱ्या संदेशात मात्र अंश आणि मिनिटं एकापुढे एक जोडून लागतात.

पुण्याचं उदाहरण घ्या: १८.५२०४ उत्तर, ७३.८५६७ पूर्व.

१. दशांशानंतरचा भाग ६० ने गुणा: ०.५२०४ × ६० = ३१.२२. अक्षांश झाला १८३१.२२ एन.
२. रेखांशाचंही तसंच, ०.८५६७ × ६० = ५१.४०. पण इथे अंश तीन आकडी हवेत, म्हणून ०७३५१.४० ई. पुढचं शून्य हमखास राहून जातं.
३. बीकन (ठिकाण सांगणारा संदेश) सोडा आणि एपीआरएस डॉट एफआय या संकेतस्थळावर आपला कॉलसाइन (परवान्यावरचं स्टेशनचं नाव) शोधा.

गुणाकार न करता नुसतं १८५२.०४ टाकलंत, तर स्टेशन सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला सरकतं. मिनिटांच्या जागी ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की चूक तिथेच पकडा. काही सॉफ्टवेअर थेट दशांश अंशही घेतात, त्यामुळे सेटिंगमधला नमुना आधी बघा.

एक मात्र सांभाळा: हे ठिकाण इंटरनेटवर कुणालाही दिसतं. घरचं स्टेशन असेल तर जवळच्या चौकाचे आकडे द्या.