ठोके चुकतात म्हटल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं, काय विचारावं

गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी आमचे हे पानावरून उठले आणि भिंतीला टेकून बसले. "छातीत पाखरू फडफडतंय गं," म्हणाले. मी मनगट धरलं तर नाडीला काही ताळतंत्रच नव्हतं. दोन ठोके जवळजवळ, मग एक उशिरा, मग तीन भरभर. गावातल्या डॉक्टरांचा दवाखाना सणामुळे बंद होता, पण ते वरच राहतात. खाली येऊन त्यांनी लगेच ईसीजीची पट्टी काढली. तासाभराने आम्ही कराडला पोचलो तोवर ठोके आपोआप ताळ्यावर आले होते आणि तिथली पट्टी अगदी साफ निघाली.

गावातल्या त्या पट्टीवर निदान झालं, एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बिघडणं. डॉक्टर मंडळी नुसतं एएफ म्हणतात. कराडच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं की ॲब्लेशन, म्हणजे हृदयात आतून डाग देऊन चुकीच्या ठोक्यांची वाट बंद करणं, ते करून घ्या, येत्या आठवड्यात तारीख देतो, साडेतीन लाखांच्या आसपास खर्च येईल. भाऊजी म्हणाले, वहिनी, विचार कसला करताय, करून टाका. पुण्याची लेक म्हणाली, आई, आधी अजून एका डॉक्टरांना दाखवू. मी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षं काढली. कागद पुरे झाल्याशिवाय निर्णय लिहायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून लेकीचं ऐकलं. आता आमच्यासारखंच कुणी त्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिली गोष्ट, थांबायला वेळ आहे का ते बघा. येऊन-जाऊन होणारं एएफ असेल आणि माणूस हिंडता-फिरता असेल, तर ॲब्लेशनचा निर्णय आठवड्यात घ्यावा लागत नाही. पण ठोके चुकताना चक्कर येऊन माणूस पडला, छातीत दुखलं, झोपल्यावर दम लागला, तर दुसरं मत वगैरे बाजूला ठेवून जवळचं हॉस्पिटल गाठायचं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यातला अर्धा तासही घरात घालवू नका.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुसरं मत मिळेपर्यंत पहिल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या. आमचे हे म्हणाले होते, "आता दुसरे डॉक्टर काय सांगतात ते बघू, तोवर ही रक्त पातळ करायची गोळी कशाला?" मी ऐकलं नाही. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. एएफ असलेल्या माणसाला हा धोका साधारण पाचपट असतो. आज ठोके नीट लागताहेत म्हणून तो टळत नाही. आपल्याला भेटीची तारीख वीस दिवसांनी मिळते, गुठळी काही त्या तारखेसाठी थांबत नाही.

कागद कसे जमवायचे

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे ठोके चुकत असताना काढलेली पट्टी. नंतरच्या दहा साफ पट्ट्यांपेक्षा ती एक भारी. ठोके चुकणं म्हणजे दर वेळी एएफच असं नाही. मधेच एखादा जादा ठोका पडतो, तो बऱ्याचदा निरुपद्रवी असतो. फ्लटर म्हणून वेगळा प्रकार आहे. खालच्या कप्प्यांतून येणारे काही प्रकार मात्र जास्त गंभीर असतात. उपचार प्रत्येकाचा निराळा. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना आधी हेच बघायचं असतं की नाव कशावरून दिलंय.

ही पट्टी जपण्याबद्दल एक सांगते, आम्हाला महागात पडणार होतं. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. काही महिन्यांत तो पुसट होतो. आमच्या पुतण्याने मोठ्या काळजीने, फाटू नये म्हणून ती पट्टी झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणली. यंत्राच्या गरमीने अख्खी पट्टी काळी. मला रडूच कोसळलं. नशिबाने गावातल्या डॉक्टरांनी कराडला पाठवायला मोबाइलवर तिचा फोटो काढला होता, तो मिळाला. तेव्हा पट्टी हातात पडली की त्याच दिवशी उजेडात सरळ धरून फोटो काढा, दोन झेरॉक्स करा, आणि मूळ पट्टी साध्या कागदी पाकिटात ठेवा. त्यावर नाव, तारीख आणि वेळ पेनने लिहा. हातावरच्या घड्याळात ईसीजीची सोय असेल तर फडफड होताना काढलेली नोंद पीडीएफ करून ठेवा. घड्याळाने सूचना दिली म्हणजे निदान झालं असं नाही, पण डॉक्टरांना बघायला काहीतरी मिळतं.

बाकी फाइलमध्ये टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, होल्टर (दिवसरात्र ठोके नोंदवणारं अंगावरचं यंत्र) लावला असेल तर नुसता शेवटचा शेरा नको, आतल्या पट्ट्यांची पानंही हवीत. रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइडची टीएसएच, मूत्रपिंडाची क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन. डिस्चार्ज कार्ड. आणि सगळ्या गोळ्यांची यादी, डोससकट. त्यात गुडघेदुखीची, आयुर्वेदिक, आणि मेडिकलवाल्याने आपणहून दिलेलीसुद्धा. मी तर गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून नेली, आणि त्याचा उपयोग कसा झाला ते पुढे सांगते.

एका वहीत पंधरा दिवस नोंद ठेवा. किती वाजता सुरू झालं, किती वेळ टिकलं, तेव्हा काय करत होते, आदल्या रात्री झोप कशी होती, दारू घेतली होती का. हे शेवटचं लपवू नका, दारूने ठोके बिघडतात आणि डॉक्टरांना ते कळायलाच हवं. नाडी मोजताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, ठोके अनियमित असतील तर ते उत्तर चुकतं. घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिट मोजा. बीपीचं घरगुती यंत्रही अशा वेळी भलतेच आकडे दाखवतं, तेव्हा दोन-तीनदा घेऊन सगळे लिहा.

पहिल्या डॉक्टरांना सांगायचं कसं

इथे बहुतेकांची जीभ अडखळते. डॉक्टर रागावतील, पुढे नीट बघणार नाहीत, अशी भीती. मी सरळ म्हटलं, "डॉक्टरसाहेब, निर्णय मोठा आहे. घरच्यांची इच्छा आहे की अजून एकदा दाखवावं. इको, होल्टर आणि केसपेपरची कॉपी मिळेल का?" ते म्हणाले, "जरूर घ्या." काउंटरवर मात्र तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी मी साधा अर्ज लिहून दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. कागद दुसऱ्या दिवशी मिळाले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्कही आहे. भांडायला जाऊ नका, पण अर्ज तारीख टाकून द्या आणि पोच घ्या.

कुणाकडे जायचं

ठोक्यांच्या दोषांचं वेगळं शास्त्र आहे. ते करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट म्हणतात, हॉस्पिटलात 'ईपीवाले डॉक्टर' म्हटलं की कळतं. ॲब्लेशन सुचवलं असेल तर दुसरं मत अशाच डॉक्टरांचं घ्यावं, आणि शक्यतो दुसऱ्या हॉस्पिटलचे. एकाच हॉस्पिटलातल्या सहकाऱ्याला मोकळेपणी वेगळं बोलणं अवघड जातं. खासगी परवडत नसेल तर मुंबईच्या केईएमसारख्या सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात हृदयरोग विभागाची ओपीडी असते. रांग मोठी, पण रोज असे कितीतरी रुग्ण बघणारी माणसं तिथे असतात. व्हिडिओवरूनही मत मिळतं, फाइल पक्की असेल तर त्याचा उपयोग होतो. फक्त आधी कुणीतरी स्टेथोस्कोप लावून झडपांचा आवाज ऐकलेला असावा.

आम्ही लेकीकडे पुण्याला गेलो. तिथल्या ईपीवाल्या डॉक्टर मॅडमना मी "आधीचे डॉक्टर बरोबर की चूक?" असं विचारलं नाही. लेकीने बजावलं होतं. तसं विचारलं की समोरचा माणूस सांभाळून बोलतो. आम्ही एकेक प्रश्न सुटा करून वहीत लिहून नेला होता.

निदान पक्कं आहे का, हा पहिला. मोबाइलवरचा फोटो मोठा करून त्यांनी बघितला आणि होय म्हणाल्या.

झडपेचा दोष आहे का, हा दुसरा. आपल्याकडे लहानपणी सांधेतापाने झडप आवळलेली माणसं अजून सापडतात. झडप बरीच आवळलेली असेल किंवा धातूची बसवलेली असेल तर वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल हीच रक्त पातळ करायची जुनी गोळी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी, करत राहावी लागते. सांधेतापाने झडप बिघडलेल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यातही नव्या गोळीपेक्षा जुनीच सरस ठरली. तेव्हा शेजारच्या काकांना नवी गोळी आहे मग आम्हाला जुनी का, असं म्हणून परस्पर बदलू नका. यांची झडप चांगली होती.

मग रक्त पातळ करायची गोळी गरजेची आहे का आणि डोस बरोबर आहे का. यासाठी पक्षाघाताच्या धोक्याचे गुण मोजतात. बीपीचा एक, साखरेचा एक, हृदय कमजोर असेल तर एक, रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर एक, वय ६५ ते ७४ असेल तर एक, ७५ किंवा त्यापुढे दोन, पूर्वी पक्षाघात झाला असेल तर दोन. पूर्वी बाई असण्याचाही एक धरत, युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शनात तो काढला. यांचं वय ६८ आणि बीपी, म्हणजे दोन. गोळी हवीच.

इथेच मॅडम थांबल्या. पिशवीतली पाकिटं त्यांनी टेबलावर ओतली आणि विचारलं, "यांना स्टेंट आहे का? कधी अटॅक आलाय?" नाही. "मग ही ॲस्पिरिन कोण देतंय?" ती कुणी नऊ वर्षांपूर्वी हृदयासाठी चांगली म्हणून लिहिलेली, तशीच चालू होती. एएफमधल्या गुठळीसाठी ती पुरत नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या जोडीला घेतली की रक्तस्राव वाढतो. यांच्या हिरड्यांतून दात घासताना रक्त येत होतं ते मला तेव्हा उमगलं. शिवाय रक्त पातळ करायची गोळी, ॲपिक्साबान, अडीच मिलिग्रॅमची चालू होती. मॅडमनी वजन विचारलं, ७१ किलो. क्रिएटिनिन १.१. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन दीड किंवा जास्त, या तिन्हींतल्या दोन गोष्टी असल्या तर अडीचची देतात, यांच्यात एकही नव्हती. त्यांनी कराडच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन केला, दोघांचं बोलणं झालं, ॲस्पिरिन बंद आणि पाचची गोळी दोन वेळा. तुम्ही मात्र हे वाचून स्वतःहून काही बंद करू नका. स्टेंटवाल्यांचा हिशेब पूर्ण वेगळा असतो.

ठोके बिघडण्यामागे दुसरं कारण आहे का, हेही विचारा. यांची टीएसएच झालीच नव्हती. केली, ठीक आली. मग मॅडम माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, घोरतात का, झोपेत श्वास थांबतो का? हे मीच सांगू शकत होते. झोपेची तपासणी झाली आणि दोष निघाला. घोरणाऱ्याला स्वतःला काही कळत नसतं, म्हणून भेटीला शेजारी झोपणाऱ्या माणसाने जायलाच हवं.

ॲब्लेशनबद्दल विचारायचं ते असं. यांच्यासारख्या येऊन-जाऊन होणाऱ्या प्रकारात किती जणांना फायदा होतो, पुन्हा करावं लागण्याची शक्यता किती, तुम्ही स्वतः वर्षाला किती करता, धोके कोणते, आणि साडेतीन लाखांत काय काय आलं. फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी हे चुकीचे ठोके सुरू होतात, हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. ॲब्लेशनमध्ये त्या तोंडांभोवती डाग देऊन वाट बंद करतात. हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात असे धोके कमी असले तरी असतात. आणि ॲब्लेशन झालं म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुटत नाही, ती गुणांवर ठरते. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गोळी सुटेल याच आशेवर हे तयार झाले होते.

मॅडमचं मत पडलं की ॲब्लेशन चांगला पर्याय आहे, गोळ्यांनी ठोके ताळ्यावर ठेवून बघणं हाही आहे. पण फार वर्षं रेंगाळू नका. २०२० च्या युरोपातल्या अभ्यासात, निदानापासून वर्षभराच्या आत ठोके ताळ्यावर आणण्याचे उपचार घेणाऱ्यांना फायदा दिसला होता. आठवड्याची घाई नको, पण दोन वर्षांची चालढकलही नको.

दोन मतं अशी थोडी वेगळी पडली की तिसऱ्या डॉक्टरांकडे धावायचा मोह होतो. आम्ही आधी दोन्ही कागद शेजारी ठेवले. कुठे एकमत आहे, कुठे नाही ते लेकीने एका पानावर लिहिलं. मतभेद फक्त वेळेचा होता. मतभेद निदानाचाच असता तर तिसऱ्यांकडे गेलो असतो. ते पान घेऊन आम्ही पहिल्या डॉक्टरांकडेच परत गेलो. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाले, झोपेचं माझ्याकडून राहिलं.

झोपेतल्या श्वासासाठी रात्री यंत्र लावून झोपणं सुरू झालं, सात किलो वजन उतरलं. तरी माघात दोनदा फडफड झाली, एकदा रात्रभर. तेव्हा त्याच डॉक्टरांकडे ॲब्लेशन करून घेतलं. त्याला आता सात महिने झाले. सकाळी आठ आणि रात्री आठची गोळी चालू आहे, वहीतल्या नोंदी चालू आहेत, आणि फाइलच्या पहिल्या पानावर गौरीच्या दिवशीच्या त्या पट्टीचा फोटो आहे.