पत्रिकेत काका छापण्याआधी

देगलूरला माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. एकीकडं तेलंगणा, दुसरीकडं कर्नाटक. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचाच, त्यामुळं सोयरीक अजूनही सीमा बघत नाही. दुकानात नवा पोरगा आला, की त्याला टायपिंगच्या आधी नाती शिकवावी लागतात.

गिऱ्हाईक म्हणालं, "हे आमचे अंकल," की पेन खाली ठेवायचा. बापाकडचे की आईकडचे? रक्ताचे की लग्नानं आलेले? मराठीला एवढं पुरतं: चुलते, मामा, मावसे. आत्याच्या नवऱ्यालाही आमच्याकडं मामाच म्हणतात, म्हणून आडनाव पुन्हा विचारून घ्या.

घर तेलुगू किंवा कन्नड असलं, तर तिसरा प्रश्न चुकवू नका: बापापेक्षा थोरले की धाकटे? तेलुगूत थोरला तो पेद्दनान्ना, म्हणजे मोठा बाप, धाकटा बाबाई. कन्नडात दोड्डप्पा आणि चिक्कप्पा. मी एकदा थोरल्याला बाबाई छापलं. म्हातारा पत्रिका घेऊन दुकानात आला. "ज्याला खांद्यावर खेळवलं, त्याच्यापेक्षा मला धाकटं केलंस?" दोनशे पत्रिका पदरच्या पैशानं पुन्हा छापल्या. (चिनी माणसाला हे लगेच कळलं असतं. त्यांच्यातही थोरला चुलता बोबो, धाकटा शूशू, अन् मामा जिउजिउ.)

दखनी बोलणाऱ्या घरात चचा, मामू सरळ आहेत. आत्याचे यजमान फुप्पा, मावशीचे खालू. पण मजकूर अरबीत आला अन् त्यात 'खाल' दिसलं, तर खालू छापू नका. अरबीत खाल म्हणजे मामा; चुलता तो अम्म.

कुणी 'अंकल'वरच अडून बसलं, तर मी म्हणतो, मग फक्त मामांना लावा. लॅटिनमध्ये चुलत्याला पात्रुउस अन् मामाला अवुंकुलुस म्हणायचे. अंकल निघाला तो मामातून. गिऱ्हाईक हसतं, अन् 'अंकल' खोडतं.

मामांच्या नावाचा टाइप चुलत्यांपेक्षा बारीक ठेवू नका. नवरीला मांडवात मामाच आणतो, अन् तो रुसला की मुहूर्त टळतो.

प्रूफ मात्र नवरदेवाच्या बापाला दाखवू नका, तो न वाचताच सही करतो. घरातल्या थोरल्या बाईला वाचून दाखवा. थोरलं-धाकटं तिला पाठ असतं, अन् यंदा कोणता चुलता कोणत्या चुलत्याशी बोलत नाही तेही.