बुलबुल कुठला? शेपटीखालच्या लालावर जाऊ नका

सोसायटीच्या कुंपणाशी सिंगापूर चेरीचं झाड असेल तर दुर्बीण नसली तरी चालतं. सकाळी सातच्या सुमारास चहा घेऊन खिडकीत उभं राहायचं. फळ लाल झालं की गिऱ्हाईक येतंच.

आधी आकार बघा. अंगठ्याएवढा मातकट पक्षी ‘चिक चिक’ करत पानांत लुडबुडत असेल तर तो फुलटोचा, जेमतेम आठ सेंटीमीटरचा. हिरवा, जाड चोचीचा, लाल कपाळाचा तांबट. मैनेहून किंचित लहान, लांब शेपटीचा आणि डोक्यावर तुरा असलेला तो बुलबुल. आता प्रश्न एवढाच, लालबुड्या बुलबुल की शिपाई बुलबुल?

इथेच बहुतेक जण फसतात. शेपटीखाली लाल दिसलं की ‘लालबुड्या’ म्हणून मोकळे होतात. अहो, शिपायाचंही बूड लालच असतं!

म्हणून नजर डोक्यावर न्या. शिपायाचा तुरा काळा, टोकदार, ताठ; गाल पांढरा, डोळ्यामागे टिकलीएवढा लाल ठिपका, पोटही पांढरं. लालबुड्याचं अख्खं डोकं काळं, तुरा आखूड आणि झोपेतून उठल्यासारखा. पाठीवर, छातीवर पिसांच्या फिक्या कडांमुळे खवले दिसतात.

पाठमोरा असेल तर उडेपर्यंत थांबा. लालबुड्याची कंबर पांढरी चमकते, शेपटीचं टोकही पांढरं. आपल्याकडच्या शिपायाच्या शेपटीला पांढरं टोक नसतं. पुस्तकातल्या चित्रात कधी दिसतं, ते दुसरीकडच्या पोटजातींचं.

मागच्या मे महिन्यात आमच्या ग्रिलवर लाल ठिपका नसलेला, फिकट नारिंगी बुडाचा ‘शिपाई’ बसला. मी वहीत ‘नवी जात!’ लिहून टाकलं, घरात मिरवलंही. दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी एक पुरता शिपाई आला, चोचीतली चेरी याच्या आ वासलेल्या तोंडात कोंबली आणि गेला. पिल्लू होतं ते. ठिपका नंतर येतो.

वागण्यातूनही कळतं. बुलबुल बहुधा जोडीनं येतात, छोटं फळ अख्खं गिळतात, मध्येच हवेत झेपावून किडा टिपतात. शिपाई शेंड्यावर बसून दोन-तीन सुरांची खणखणीत शीळ घालतो.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात मात्र तिसराही भेटतो, पांढऱ्या भुवईचा बुलबुल. ना तुरा, ना लाल. दाट झुडपात बसून खळाळून गातो आणि दर्शन काही देत नाही. तिथे डोळ्यांआधी कान लावा.