सेल्फ टिकटिक करतोय? नवी बॅटरी घेण्याआधी जोड तपासा

कोकणात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या दुचाकी गाड्यांचं हे ठरलेलंच आहे, पावसाळा संपत आला की सेल्फ नुसता टिकटिक करतो, हेडलाइट मंद, इंडिकेटर कधी लागतो कधी नाही, आणि गॅरेजात उत्तर तयार असतं की बॅटरी गेली. गेलेली असूही शकते, पण बऱ्याचदा बॅटरी ठणठणीत असते आणि मधल्या जोडांवर गंज चढलेला असतो. खाऱ्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, त्यात वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, मग गंज चढणारच. हिरवट-निळं दिसलं तर तांबं खाल्लं जातंय असं समजा, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी भुकटी मात्र बहुतेक ॲसिडमुळे येते.

आधी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, खरंच घ्या, त्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार होतो. गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं की ती चार्ज आहे, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग गाडी न्यूट्रलला ठेवा, मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवरच धरा (वरच्या वायरच्या टर्मिनलवर नको), दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या बोल्टवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत आलं तर अर्थिंग (बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-चॅसीपर्यंतची जोडणी) चांगलं, अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. नुसता बीप वाजवून कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का ते) बघू नका, वायरीची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो आणि सेल्फचा करंट आला की तीच वायर दगा देते.

सफाई करताना इग्निशन बंद आणि मायनस आधी काढायचा, कारण प्लस काढताना पान्हा चॅसीला टेकला तर शॉर्ट होतं. जोडताना उलट, प्लस आधी. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासा, ॲसिड मरतं, फक्त ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. पुसून, सुकवून पॉलिश पेपरने चमकवा, घट्ट आवळा आणि नंतर वरून व्हॅसलीन लावा.

यानंतर अर्थिंगचा बोल्ट, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. मायनसची जाड वायर इंजिनला किंवा चॅसीला जिथे आवळलीय तो बोल्ट काढा, रिंगखालचा गंज आणि रंग रिंगेएवढ्याच जागेत खरवडून उघडं लोखंड दिसू द्या, आवळा, वरून ग्रीस.

कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग, उघडताना लॉक दाबून प्लास्टिकला धरून ओढा, वायरी ओढू नका. आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, ब्रश फिरवा, दोन-चार वेळा घाल-काढ करा. पिनांवर पॉलिश पेपर नकोच, त्यांच्यावरचा मुलामा पातळ असतो, तो गेला की गंज आणखी लवकर धरतो. फीमेल टर्मिनल सैल झालं असेल तर बारीक पकडीने हलकंसं दाबा. रेग्युलेटर-रेक्टिफायरचा (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) कपलर नीट बघा, स्टेटरकडून (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) बऱ्याच गाड्यांत एकाच रंगाच्या तीन वायरी येतात तो. तिथे ०.१ ओहम जरी अडथळा आला आणि १० अँपिअर जात असले तर एक व्होल्ट वाया आणि १० वॅट उष्णता, म्हणजे इंडिकेटरच्या बल्बएवढी, एका पिनेत. म्हणून तो तपकिरी होऊन वितळतो, आणि असा दिसला तर सफाईत वेळ घालवू नका, टर्मिनलसकट बदला.

वायर सोलल्यावर आतलं तांबं काळं निघालं तर चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. मला क्रिंप (दाबून बसवलेला जोड) आणि आत गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक ट्यूब जास्त भरवशाची वाटते कारण सोल्डरशेजारची वायर कडक होते आणि व्हायब्रेशनने तुटते. नुसतं पीळ देऊन टेप गुंडाळणं बंद करा, टेपमध्ये शिरलेलं पाणी बाहेर येत नाही.

बंद करताना कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. ते स्वतः करंट नेत नाही पण पिना घट्ट बसल्या की मधून बाजूला सरकतं आणि पाणी अडवतं. डब्ल्यूडी-फॉर्टीचा स्प्रे पाणी हटवायला ठीक, पावसाळाभर टिकायचं नाही. वायर कपलरच्या खाली झोल देऊन वर आणा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं, आणि वॉशिंगवाल्याला प्रेशरची धार हँडलवरच्या स्विचांवर आणि सीटखाली मारू नको असं स्पष्ट सांगा. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठ्या अँपिअरचा टाकू नका, वायरिंग जळेल.

सगळं झालं की गाडी चालू करून थोडी रेस द्या, बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. कमी येत असतील तर रेग्युलेटरच्या कपलरकडे परत जा, तो ठीक असेल तर मग स्टेटर आणि रेग्युलेटर तपासून घ्या.