होम वेगळं करताय? आधी तो आकडा लिहून घ्या

लिनक्समध्ये होम म्हणजे तुमच्या फाइली आणि सेटिंग्ज असलेलं फोल्डर. ते डिस्कच्या वेगळ्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, ठेवलं की नवी सिस्टिम टाकताना जागेवर राहतं. चार्जर लावा, बॅकअप घ्या. बॅकअपची डिस्क मात्र एक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटमधली हवी. एक्सफॅट फॉरमॅटवर फाइली जातात, पण कुठली फाइल कुणाची ही नोंद राहत नाही, आणि मागच्या वेळी माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

म्हणून सगळ्यात आधी टर्मिनलमध्ये 'आयडी' ही कमांड द्या आणि यूआयडीपुढचा, म्हणजे तुमच्या खात्याचा, आकडा कागदावर लिहा. कागदावर, त्याच लॅपटॉपवरच्या नोट्समध्ये नाही. दोन खाती असतील तर दोन्हींचे आकडे. डिस्कवर फाइलच्या मालकाचं नाव नसतंच, नुसता आकडा असतो. डेबियन, उबुंटू, फेडोरा, या सगळ्या लिनक्समध्ये पहिल्या खात्याला १००० मिळतो, पुढच्याला १००१. आमच्याकडे माझा १००० आणि ताईचा १००१. नवी सिस्टिम टाकताना ताई शेजारी बसली होती, म्हणून कौतुकाने तिचं खातं आधी केलं. झालं! माझे फोटो तिच्या मालकीचे, तिचा प्रबंध माझ्या मालकीचा, आणि लॉगिन कुणालाच होईना. पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर काळा, की पुन्हा लॉगिनचाच पडदा. प्रबंध दोन दिवसांनी द्यायचा होता. ताई काय काय बोलली ते इथे लिहीत नाही.

आकडा लिहिलात? मग पुढे.

चालू सिस्टिममध्ये रूटचं, म्हणजे मुख्य सिस्टिमचं, एक्सटी४ पार्टिशन लहान करता येत नाही, त्यामुळे लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) बूट करून जीपार्टेड हे पार्टिशनचं ॲप उघडा, रूट लहान करा आणि मोकळ्या जागेत होमचं नवं पार्टिशन करा. सगळी जागा होमला देऊ नका. फ्लॅटपॅक आणि स्नॅपची ॲप्स सहसा होममध्ये नाही, रूटच्या व्हार फोल्डरमध्ये बसतात. मी रूटला ५० जीबी ठेवतो.

कॉपी आरसिंक या कमांडने, तीही लाइव्ह यूएसबीवरूनच, म्हणजे ब्राउझरच्या उघड्या फाइली अर्धवट जाणार नाहीत. कमांडला पर्याय म्हणून लहान 'ए' द्या, सोबत मोठे 'ए', 'एक्स' आणि 'एच'. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ हवीच; ती राहिली तर होमच्या पोटात आणखी एक होम तयार होतं. कॉपी झाली की 'एलएस' या फाइली दाखवणाऱ्या कमांडला 'एन' जोडून मालकांचे आकडे बघा. नावं बघू नका, लाइव्ह सिस्टिम स्वतःच्याच खात्यांची नावं दाखवते. आकडे कागदाशी जुळले पाहिजेत.

एफएसटॅब या फाइलमध्ये (बूट होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते तिच्यात असतं) नव्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, घाला. तो 'बीएलकेआयडी' ही कमांड सांगते. जुन्या होमचं नाव बदलून ठेवा, पुसू नका. एकदा जुन्याच सिस्टिममध्ये बूट करून सगळं चालतंय ना ते बघा, मगच इन्स्टॉलरला हात लावा.

क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी), वायफायचे पासवर्ड, डेटाबेस यातलं सहसा काहीच होममध्ये नसतं. लागेल ते आत्ताच उचला.

इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन हाताने निवडा, होमच्या पार्टिशनला माउंट पॉइंट, म्हणजे जोडायची जागा, '/होम' द्या, फॉरमॅटची खूण काढा. काढली ना? परत बघा. आणि खातं करायच्या आधी तो कागद समोर ठेवा: ज्याचा १००० त्याचं खातं पहिलं, शेजारी कुणीही बसलेलं असो. दुसरं खातं 'यूजरॲड' कमांडने करा आणि आकडा स्वतः द्या.

डेस्कटॉप विचित्र वागला तर होममधल्या जुन्या डॉट-कॉन्फिग या सेटिंग्जच्या फोल्डरचं नाव बदला.