मीटरच्या रिमोटवर आजीची लाल टिकली

टीव्हीच्या पाहणीत घर निवडलं गेलं की कोणतं चॅनल किती जण बघतात ते मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचा मीटर बसतो आणि त्याच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण मिळतं. बघायला बसताना दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. घोळ इथंच होतो. आजी मालिका सोडून ज्वारी निवडायला जाते, आणि पुढचा अख्खा क्रिकेट सामना तिच्या नावावर चढतो!

लातूरकडच्या एका घरात (कुणाच्या, ते विचारू नका) पाहिलेला उपाय :

१. प्रत्येकाच्या बटणाशेजारी वेगळ्या रंगाची टिकली लावा. आजीची लाल, नातवाची हिरवी. अंक न वाचणाऱ्यालाही कळतं. बटणावर मात्र लावू नका, दाबून दाबून दोन दिवसांत निघते.

२. मीटरचा आणि सेट टॉप बॉक्सचा रिमोट पाठीला पाठ लावून रबरानं बांधा. चॅनल बदलायला हात गेला की बटण आठवतंच.

३. पाहुण्यांचं कसं नोंदवायचं, ते मीटर बसवणाऱ्याकडूनच दाखवून घ्या.

मीटर असल्याचं गावभर सांगू नका. 'अमुकच चॅनल लावून ठेवा, महिन्याला पैसे देतो' म्हणणारा आला तर दारातूनच वाटेला लावा. २०२० मध्ये मुंबईत असल्याच आरोपांवरून पोलीस केस झाली होती.